‘काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही’ असं लिहिणाऱ्या मराठी प्रेक्षकांना खुले पत्र

मंडळी, नमस्कार.

वेगळ्या धाटणीचा एखादा मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो. थिएटरात चोरून चित्रित केलेली त्याची प्रत, म्हणजे आपण सगळे जिला कॅमेरा प्रिंट म्हणतो ती, दोन दिवसांत मोबाइलवर फिरू लागते आणि मतांचा ढीग साचतो. ‘अर्धा सिनेमा अंधारात आहे.’ ‘संवाद कळत नाहीत.’ ‘फार संथ.’ ‘विनोद लागतच नाही.’ ‘रंग भकास.’ ‘शेवट अर्धवट सोडलाय.’ ही मतं तुम्ही मनापासून लिहिता, याबद्दल आम्हाला शंका नाही. अडचण अशी की त्यातल्या बऱ्याच तक्रारी प्रतीच्या असतात आणि नोंदल्या जातात सिनेमाच्या नावावर. ध्वनिमिश्रण, डीआय (म्हणजे चित्राचे रंग आणि छटा पक्क्या करणं) आणि प्रोजेक्शन ही आमची रोजची कामं. कोणती तक्रार सिनेमाची, कोणती प्रतीची आणि कोणती थिएटरची, हे घरबसल्या कसं ओळखायचं ते तुम्हाला तपशिलाने सांगावं म्हणून हे पत्र.

चोरट्या प्रतीचा फटका सगळ्या सिनेमांना सारखा बसत नाही. ओळखीच्या साच्यातल्या सिनेमाची गाणी आधीच कानावर पडलेली असतात, कोण नायक आणि कोण खलनायक हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, एखादं वाक्य हुकलं तरी पुढचा प्रसंग तेच पुन्हा सांगतो. गाळलेल्या जागा आपला मेंदू आपसूक भरतो. तऱ्हेवाईक सिनेमात भरायला हाताशी काही नसतं. बोलता बोलता म्हातारा मध्येच का थांबला, दाराच्या फटीत कोण उभं आहे, बाईने उत्तर द्यायला दोन सेकंद का लावले, लांबून येणारी जात्याची घरघर कुणाच्या घरातली, अर्थ सगळा अशा जागी ठेवलेला असतो. आणि कॅमेरा प्रिंटमध्ये सर्वांत आधी बुडतात त्या नेमक्या याच गोष्टी: मंद आवाज, गडद छटा, चौकटीच्या कडा आणि शांतता.

आधी आकडे पाहा. थिएटरात सिनेमा डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) या स्वरूपात येतो. डिजिटल सिनेमाच्या ठरलेल्या निकषांनुसार त्यातल्या चित्राला सेकंदाला कमाल २५० मेगाबिट वापरता येतात, प्रत्येक रंगाला १२ बिट मिळतात आणि आवाज अजिबात न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, ठेवलेला असतो: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. साध्या ५.१ मिश्रणातल्या सहा ट्रॅकचा हिशेब केला, तर नुसत्या आवाजालाच सेकंदाला जवळपास ७ मेगाबिट लागतात. आता दोन तासांच्या सिनेमाची ७०० एमबीची प्रत घ्या. ७०० एमबी म्हणजे ५,६०० मेगाबिट. त्याला ७,२०० सेकंदांनी भागलं की उरतात ०.७८ मेगाबिट, चित्र आणि आवाज दोन्ही मिळून. थिएटरात नुसत्या आवाजाला जेवढी जागा मिळते, तिच्या नवव्या हिश्श्यात अख्खा सिनेमा कोंबलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच एकपडदा थिएटरांत उपग्रहामार्फत आलेली, डीसीपीपेक्षा जास्त दाबलेली प्रत चालते. पण तीही या फाइलपेक्षा कितीतरी भरलेली असते. फाइलच्या नावात १०८० लिहिलं म्हणून काही बदलत नाही. तो आकडा ठिपक्यांच्या ओळी मोजतो, त्या ओळींत तपशील किती उरला ते सांगत नाही. कमी ओळींची प्रत ताणून १०८० करणं हा दोन मिनिटांचा खेळ आहे.

‘अंधारात काहीच दिसत नाही’ या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वाधिक येते. थिएटरच्या पडद्यावरचा पांढऱ्यातला पांढरा रंगसुद्धा ४८ निट्सचा (निट हे उजेडाचं माप) असतो, जुन्या मोजमापात १४ फूट-लॅम्बर्ट. तुमच्या मोबाइलचा पडदा याच्या दहापट सहज उजळतो. तरीही थिएटरात चित्र झगझगीत वाटतं, कारण काळोख्या हॉलमध्ये नजर सरावते आणि त्या थोड्या उजेडातल्या सगळ्या छटा सुट्या दिसू लागतात. डीआय करणारा माणूस तशाच काळोख्या खोलीत, तेवढ्याच उजेडाच्या पडद्यासमोर बसून काम करतो. कंदिलाच्या प्रकाशातला चेहरा, मागची मातीची भिंत आणि भिंतीला टेकलेली सावली, या तीन छटा एकमेकींपासून वेगळ्या राहाव्यात म्हणून तो तासन्‌तास घालवतो. फोनचा नखाएवढा सेन्सर त्या तिन्हींची एकच काळी छटा करून टाकतो. त्यात फोनचं एक्स्पोजर आपोआप चालतं. पडद्यावर उजेड आला की फोन चित्र गडद करतो, काळोख आला की उजळतो, आणि दोन्ही वेळा जरा उशिरा. म्हणून दार उघडून अंगणातलं ऊन आत येतं तो क्षण आधी पांढराफटक पडतो आणि मग काळवंडतो. शेवटी फाइल लहान करताना गडद भागातला तपशील सॉफ्टवेअर सर्वांत आधी टाकून देतं, आणि भिंतीच्या जागी हलणारे काळे चौकोन उरतात. हे चौकोन दिसले की समजावं, हा अंधार छायालेखकाने केलेला नाही.

पाऊस, धूर, झाडांची पानं, वाहतं पाणी यांचं आणखी वेगळं आहे. व्हिडिओ दाबण्याचं तंत्र ‘मागच्या फ्रेममधलं काय बदललं नाही’ यावर चालतं. न बदललेला भाग पुन्हा लिहायचा नाही, म्हणून जागा वाचते. पावसात प्रत्येक ठिपका प्रत्येक फ्रेमला बदलतो, म्हणजे वाचवण्यासारखं काहीच नसतं, आणि जागा तर आहे ०.७८ मेगाबिटच. मग धारा पुसल्या जातात आणि पडद्यावर ओल्या राखेसारखा थर दिसतो. १२ ऑक्टोबर २०१८ ला लागलेला ‘तुंबाड’ डोळ्यांसमोर आणा: राही अनिल बर्वे यांचं दिग्दर्शन, पंकज कुमार यांचं छायालेखन, कोकणातलं गाव, सततचा पाऊस आणि दिव्याकंदिलाचा उजेड. सिनेमा हिंदी, पण माती आपली. असा सिनेमा ७०० एमबीत पाहिला, तर त्यातला पाऊसही जाईल आणि काळोखही, मग उरेल ती निव्वळ गोष्ट. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तोवर घरी मोबाइलवर, टीव्हीवर तो कितीतरी जणांचा पाहून झाला होता. तरीही लोक तिकीट काढून गेले ते तो पाऊस आणि तो काळोख पडद्यावर पाहायला, असं आमचं ठाम मत आहे.

आता ‘चित्र अडखळतं’ ही तक्रार. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, फोन सहसा ३० चा. म्हणजे सिनेमाच्या चार फ्रेम जातात तेवढ्या वेळात फोन पाच टिपतो. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून फोनचं शटर जवळजवळ पूर्ण वेळ, सेकंदाचा तिसावा भाग, उघडं राहतं. एवढ्या वेळात पडद्यावरची फ्रेम बदलली तर एकाच चित्रात दोन फ्रेम मिसळतात. पाचांपैकी किमान तीन फ्रेममध्ये हे घडतंच, बहुतेकदा चारमध्ये. चालणाऱ्या माणसाला दोन कडा दिसतात, झटकन वळलेली मान पुसट होते. पडताळा सोपा आहे: कुणी हात हलवत असेल तिथे प्रत थांबवा आणि बोटं मोजा. सहा-सात भरली, तर नटाच्या हालचालींवर मत देऊ नका.

रंगांबद्दल थोडक्यात. फोन पांढरा रंग स्वतःच ठरवतो आणि चित्रात एखादा रंग जास्त झाला की त्याला तो चूक समजून दुरुस्त करतो. दिग्दर्शकाने मुद्दाम हळदी पिवळ्या ठेवलेल्या प्रसंगातला पिवळा तो काढून घेतो आणि करडा-निळा भरतो. लेझर प्रोजेक्टर असेल तर सेन्सरला त्याचे रंग डोळ्यांपेक्षा वेगळे दिसतात आणि चेहरे गुलाबी किंवा हिरवट पडतात. एकाच प्रसंगात, एकाच शॉटमध्ये कातडीचा रंग बदलत असेल तर तो फोनचा उद्योग समजावा.

चौकटीच्या कडा मात्र सविस्तर पाहायला हव्यात. स्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या, सिनेमाची चौकट उंचीच्या २.३९ पट रुंद असते, फोनची १.७८ पट. वर-खालचा काळोख दिसू नये म्हणून चोरून टिपणारा चित्र मोठं करतो. पूर्ण उंची भरेपर्यंत मोठं केलं की रुंदीचा २६ टक्के भाग, म्हणजे पावहून थोडा जास्त, दोन्ही बाजूंनी मिळून कापला जातो. त्यातून माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला असेल तर आयताचा तिरपा चौकोन होतो. तो सरळ करताना आणखी कडा जातात आणि खालची सबटायटलंही अर्धी होतात. मधोमध चेहरा ठेवून बोलणाऱ्या सिनेमाचं यात फार बिघडत नाही. पण दोन पात्रं चौकटीच्या दोन टोकांना बसवून मधली जागा रिकामी ठेवणारा दिग्दर्शक असेल, तर प्रतीत ती रिकामी जागाच तेवढी उरते. ‘कॅमेरा नुसता भिंतीवर का ठेवलाय कळत नाही’ असं लिहिण्याआधी भिंतीच्या दोन बाजूंना कोण होतं ते शोधा. पहिला पडताळा शीर्षकाचा: सुरुवातीच्या पाट्यांमध्ये डावी-उजवीकडची अक्षरं कापली असतील, तर पुढचे दोन तासही कापलेले आहेत.

आवाजाचं नुकसान चित्रापेक्षाही मोठं आहे, आणि ते लक्षात येत नाही, म्हणून जास्त घातक.

थिएटरात संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत डाव्या-उजव्या स्पीकरमधून पसरतं, पाऊस, रातकिडे, बाजार हे सराउंडमधून, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या स्पीकरमधून. शेजारचा हसला तरी तुम्हाला पुढचं वाक्य ऐकू येतं, कारण दोन कानांमुळे हसू शेजारून आणि संवाद समोरून येतोय हे मेंदूला कळतं. फोनच्या माइकला दिशा उरत नाही. हसणं, कुरकुरीत पुडी, संवाद आणि पाऊस सगळं एका जागी, एकावर एक बसतं. हॉलचा घुमारा त्यात मिसळतो आणि मग तुमच्या खोलीचा घुमारा वर चढतो. घुमाऱ्यात स्वर टिकतात, व्यंजनं विरघळतात. ‘पाठ’ आणि ‘पाट’, ‘साल’ आणि ‘शाल’ यांतला फरक वरच्या कंप्रतांच्या बारीक आवाजात असतो. तो आधी घुमाऱ्यात जातो आणि उरलासुरला फाइल दाबताना. शहरी प्रमाण मराठीत संदर्भावरून शब्द ओळखता येतो. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारं पात्र असेल आणि ती बोली तुमच्या घरातली नसेल, तर व्यंजनांशिवाय हाती काही लागत नाही. ‘बोली कळत नाही, कशाला अट्टहास’ हे मत वाचलं की आम्हाला खरोखर वाईट वाटतं. ज्या वाक्याबद्दल ते लिहिलेलं असतं, ते मिश्रणाच्या वेळी पंचवीस वेळा ऐकून, प्रत्येक शब्द उमटतोय याची खात्री करून पुढे पाठवलेलं असतं.

आणि शांतता. तऱ्हेवाईक विनोदाचा सगळा जीव विरामात असतो. फोनमध्ये आवाज आपोआप समपातळीवर आणण्याची सोय असते. मोठा आवाज आला की ती दाबते, शांतता पसरली की माइकची पातळी वाढवत नेते. पडद्यावर दोन सेकंदांचा विराम आला की फोन हॉलचा एसी, खोकला, खुर्चीची करकर वर आणतो, म्हणजे विरामात खरखर भरते. मग पात्र बोलतं, त्या वाक्याचा पहिला शब्द फुटतो आणि सोय घाईघाईने तो दाबते. विनोदी वाक्यात तो पहिला शब्दच मारलेला असेल तर हसू कुठून येणार? पडताळा: इअरफोन लावा, शांत प्रसंगात डोळे मिटा. पार्श्वभूमीची खरखर श्वासासारखी वरखाली होत असेल, तर या प्रतीवरून विनोद, विराम आणि लय यांच्याबद्दल काहीही ठरवता येत नाही.

खालच्या आवाजांची गोष्ट दोन वाक्यांत संपते. थिएटरातला सबवूफर १२० हर्ट्झपर्यंतचे आवाज सांभाळतो, आणि मोबाइलचा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. भीती किंवा अस्वस्थपणा पोटात उतरावा म्हणून घातलेली घुमणारी घरघर तुमच्यापर्यंत आलेलीच नसते.

‘संथ’ या शब्दाकडे वळतो, कारण तो सर्वाधिक नुकसान करतो. चाळीस सेकंदांचा स्थिर शॉट थिएटरात नजरेला हिंडायला दिलेला असतो: ओसरीवर म्हातारी, मागे दोरीवर वाळणारं लुगडं, खिडकीतून बघणारं पोर. प्रतीत म्हातारीच दिसते, बाकीचा चिखल. नजरेला काम उरलं नाही की चाळीस सेकंद दोन मिनिटांसारखे वाटतात. गंमत अशी की ज्या प्रतीला तुम्ही संथ म्हणता ती अनेकदा मूळ सिनेमापेक्षा वेगाने पळत असते. २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने चालवला की १३८ मिनिटांचा जवळपास १३२.५ मिनिटांवर येतो, आणि सगळ्यांचे आवाज थोडे चिरके होतात. म्हणून कालावधी तपासा. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर कालावधी लिहिलेला असतो. प्रतीचा कालावधी नेमका ४ टक्के कमी असेल तर वेग बदललाय. फरक वेडावाकडा असेल तर काहीतरी कापलंय: बहुधा मध्यंतराच्या आसपासची मिनिटं, कारण तिथे दोन तुकडे जोडले जातात, किंवा शेवट. आपल्या थिएटरांत नामावली सुरू होताच दिवे लागतात आणि दरवाजे उघडतात. चोरून टिपणारा त्याआधीच फोन खिशात घालतो. नामावलीनंतरचा प्रसंग, कधी तर आधीचा शेवटचा शॉटही, त्याच्या खिशात जातो, आणि लोक लिहितात, ‘शेवट अर्धवट’.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर डबिंगला नावं ठेवण्याआधी पहिल्या दहा मिनिटांतला आणि शेवटच्या दहा मिनिटांतला फरक पाहा. फरक वाढत गेला असेल तर दोष प्रतीचा. फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, आणि कित्येकदा चित्र एका शोचं, आवाज दुसऱ्याच शोचा असतो.

फाइलच्या नावांतली अक्षरं बघून फसू नका. कॅम म्हणजे हॉलमधून टिपलेलं चित्र आणि हॉलमधलाच आवाज. टीएस म्हणजे चित्र तसंच, आवाज दुसरीकडून मिळवलेला. आधी ‘एचडी’ जोडलं की तीच वस्तू नव्या वेष्टनात. प्री-डीव्हीडी हे आपल्याकडचं नाव वाट्टेल त्याला लावतात. मधूनच सट्ट्याच्या जाहिरातीची पट्टी सरकत असेल तर ती चित्रावर कायमची भाजलेली असते, तिच्याखालचं चित्र कुठेच उरलेलं नसतं.

आता तुमच्या बाजूची एक गोष्ट. तिकीट काढून गेलात तरी चित्र काळं आणि संवाद दबलेले, असं होतं. अशा वेळी दोष बहुतेकदा सिनेमाचा नसतो, पण प्रेक्षकाचाही नसतो. थिएटरच्या आवाजाच्या यंत्रावर पातळीचा आकडा असतो, ज्याला फेडर म्हणतात. मिश्रण ७ या आकड्यावर केलेलं असतं. जाहिराती कर्कश लागतात, कुणीतरी तक्रार करतं, ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि सिनेमा सुरू झाल्यावर परत वर न्यायचं राहून जातं. दोन आकड्यांत जवळपास पावणेसात डेसिबल जातात, आणि हळू बोललेले संवाद त्यासोबत. संगीत नीट ऐकू येतंय पण माणसं मात्र लांबून बोलल्यासारखी वाटत असतील, तर मधल्या स्पीकरमध्ये बिघाड आहे. पांढऱ्या पाट्या मळकट पिवळ्या दिसत असतील तर दिवा म्हातारा झालाय, किंवा थ्रीडीचा फिल्टर काढायचा राहिलाय. चेहरे लांबुळके किंवा बसके दिसत असतील तर प्रोजेक्टरवर चौकटीची चुकीची निवड आहे. हे सगळं पाच मिनिटांत दुरुस्त होण्याजोगं आहे, स्पीकर आणि दिवा सोडून. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जा, ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि नेमकं सांगा: ‘फेडर किती आहे? संवाद ऐकू येत नाहीत, कृपया एक आकडा वर घ्या.’ नुसतं ‘आवाज वाढवा’ म्हटलं तर काम होतंच असं नाही. मध्यंतरानंतर जाऊन उपयोग नाही, तोवर सिनेमा अर्धा हातचा गेलेला असतो.

मग कॅमेरा प्रिंटवरून कशाबद्दल बोलता येतं? कथानकाचा सांगाडा, पात्रांचे निर्णय, प्रसंगांचा क्रम, विषयाची निवड. यांवर कडक टीका करा, आमची हरकत नाही. वाईट सिनेमा वाईट प्रतीमुळे चांगला ठरत नाही, आणि फसलेल्या पटकथेला ध्वनिमिश्रण वाचवत नाही. पण छायालेखन, रंग, ध्वनी, संवादफेक, लय, विनोदाची वेळ आणि बारीक अभिनय यांवर लिहायला त्या प्रतीत पुरावाच नसतो. दहापैकी चार तारे देताना त्या सहा तुटलेल्या ताऱ्यांमधले किती फोनचे, हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. वेगळ्या सिनेमाच्या नशिबात मोजके शो असतात आणि पहिल्या सोमवारी ते आणखी कापले जातात. तिकीट काढावं की नाही या विचारात असलेला माणूस रविवारी तुमचं मत वाचतो.

शोच नसतात, ही तुमची तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला सकाळी साडेअकराचा एक खेळ, तालुक्याच्या गावी तोही नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा परदेशात राहणाऱ्यांचं तर विचारायलाच नको. यावर एक वाट आहे आणि ती वाटते तेवढी अवघड नाही: मंडळाने, फिल्म सोसायटीने किंवा पन्नास-साठ जणांनी मिळून निर्मात्याकडून एक खेळ मागवायचा. यात जे बिघडतं ते किल्लीमुळे. डीसीपी कुलूपबंद असते आणि तिची किल्ली, म्हणजे केडीएम, एका ठरावीक सर्व्हरसाठी (थिएटरातलं सिनेमा चालवणारं यंत्र) आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. म्हणून हॉल ठरताच थिएटरकडून त्या स्क्रीनच्या सर्व्हरची माहिती घेऊन निर्मात्याला कळवा, चार-पाच दिवस हाताशी ठेवून. ऐन वेळी स्क्रीन दोनऐवजी तीन दिली तर जुनी किल्ली चालत नाही. वेळेची मुदत खेळाच्या आधी एक दिवस ते नंतर काही तास अशी मागा, म्हणजे आदल्या दिवशी चाचणी घेता येते. परदेशात असाल तर किल्लीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची, ते विचारून घ्या. डिस्कवरून दीडशे जीबीची प्रत सर्व्हरवर चढायला जुन्या यूएसबीवर दीड तास सहज लागतो. सातच्या खेळाला साडेसहाला डिस्क नेली तर लोक रांगेत उभे राहतील आणि सिनेमा चढतच राहील. चाचणीत पहिली पाच मिनिटं, एक गडद प्रसंग, एक हळू संवाद आणि सबटायटल पाहा, आणि फेडरचा आकडा लिहून ठेवा.

ज्यांच्या हातून हे चित्रण होतं, किंवा ज्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतं, त्यांच्यासाठीही लिहायला हवं. निकषांप्रमाणे चालणाऱ्या प्रत्येक डिजिटल सर्व्हरवरून निघणाऱ्या चित्रात आणि आवाजात न दिसणारी, न ऐकू येणारी ३५ बिटांची खूण सतत मिसळलेली असते. १६ बिट वेळेचे, पाव तासाच्या टप्प्याने वर्षभराचे, आणि १९ बिट त्या सर्व्हरच्या ओळखीचे. प्रत अनेक हातांतून गेली तरी ती कोणत्या हॉलमध्ये, कोणत्या दिवशी, कोणत्या पाव तासात टिपली हे सहसा काढता येतं. चित्रपट कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार थिएटरात विनापरवाना चित्रण केल्यास किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात तर व्हिडिओ पायरेट हे झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत, १९८१ च्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात बसवलेले आहेत. शेजारी कुणी फोन उभा धरून बसलं असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. रांग आणि खुर्चीचा क्रमांक लक्षात ठेवा आणि दारावरच्या माणसाला सांगा.

तुमच्याकडे एक मागणी आहे. यापुढे मत लिहिताना पहिल्या ओळीत सिनेमा कुठे पाहिला ते लिहा: थिएटर असेल तर गाव, स्क्रीन आणि खेळाची वेळ, अधिकृत ओटीटी असेल तर टीव्हीवर, लॅपटॉपवर की मोबाइलवर, आणि इअरफोन होते की नाही. चोरटी प्रत पाहिली असेल तर तारे देऊ नका. आणि अशा प्रतीवरून आधीच दिलेलं मत कुठे पडून असेल, तर ते काढून टाकायची गरज नाही. त्याच्या वर एवढंच जोडा: ‘हे मत कॅमेरा प्रिंट पाहून लिहिलं आहे. चित्र, आवाज आणि लय यांबद्दलचा भाग धरू नये.’ गेल्या वर्षभरातल्या तुमच्या मतांपासून सुरुवात करा, कारण ज्या सिनेमांबद्दल ती लिहिली आहेत त्यांतले काही अजून एखाद्या ओटीटीच्या दारात उभे आहेत आणि तिथली माणसं ती मतं वाचतात.

आपले,
ध्वनिमिश्रण, डीआय आणि प्रोजेक्शनच्या कामातले काही जण